सर्व्हरकाका

हैदराबादच्या विद्यानगरात रात्री अकरानंतर ज्याचा फोन वाजतो तो एक तर डॉक्टर असतो, नाहीतर सर्व्हरकाका. डॉक्टरांना पलीकडचा माणूस निदान दुखतंय कुठे ते तरी सांगतो. काकांना सांगतात ते इतकंच : "सगळं बंद पडलंय, आणि आम्ही काहीच केलेलं नाही."

यातला दुसरा भाग काकांनी तीन भाषांत ऐकलाय. शिवम रोडचे मराठी सीए म्हणतात, "काहीच केलं नाही हो." नल्लाकुंट्याच्या कोचिंग क्लासचा मॅनेजर म्हणतो, "एमी चेय्यलेदु सर." बरकतपुऱ्याचा औषधांचा घाऊक व्यापारी छातीवर हात ठेवून म्हणतो, "कुच नै करे काका, कसम से." आणि तिघंही खरंच बोलत असतात, हीच तर गोम आहे. रात्री सगळे झोपलेले असताना सर्व्हरने आपण होऊन अपडेट उतरवून घेतलेलं असतं आणि तो आपण होऊनच बंद-चालू झालेला असतो. सकाळी दिवे हिरवे, पंखा सुरू, आणि बिल मात्र एकही निघत नाही.

काकांचं घराणं मूळचं परभणीकडचं. आजोबा नोकरीला हैदराबादेत आले तेव्हा दोन्ही गावं एकाच राज्यात होती. १९५६ साली फेररचना झाली, परभणी मुंबई राज्यात गेली, आजोबा इथेच राहिले. वरून बदल आला की खालची जोडणी तुटते, हे या घराला तेव्हापासून ठाऊक आहे.

काकांच्या स्कूटरच्या डिकीत क्रिंपिंगचा चिमटा, यूएसबीचं जादा नेटवर्क कार्ड आणि एक निळी वायर असते. तिचं नाव 'खात्रीची वायर'. ती काका कुणाला देत नाहीत. सख्ख्या मेव्हण्याने मागितली तेव्हा नवी विकत आणून दिली, पण ही दिली नाही.

आल्या आल्या ते सर्व्हरला हातच लावत नाहीत. आधी चहा सांगतात. चहाबरोबर उस्मानिया बिस्किट आलं तर बशीतलं बिस्किट संपेपर्यंत नुसते स्विचच्या दिव्यांकडे बघत बसतात. मालकाचा जीव वर-खाली होत असतो. मग कीबोर्ड जवळ ओढून पिंग करायला लागतात, तेही मोठ्याने बोलत : "स्वतःशी बोलतोय. राउटरशी बोलतोय. बाहेरच्या नंबरशीही बोलतोय. आता नावाने हाक मारू." नावाला उत्तर आलं नाही की चेहरा खुलतो. "डीएनएस! मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी काहीही म्हटलेलं नसतं.

काकांना बडी मंडळी पडल्याच्या गोष्टींची मनापासून हौस. ३० ऑगस्ट २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या अझूरवरच्या उबुंटू १८.०४ च्या यंत्रांना सुरक्षेचं म्हणून एक अपडेट आलं आणि त्यांचं डीएनएस बिघडलं, नावावरून पत्ता सापडेना. यंत्रं ठणठणीत होती, फक्त कुणाला ओळखत नव्हती. पण काकांची खरी लाडकी गोष्ट ८ मार्च २०२३ ची. डेटाडॉग नावाच्या कंपनीचा धंदाच मुळी दुसऱ्यांचे सर्व्हर पडले की त्यांना कळवण्याचा. त्यांच्याच हजारो यंत्रांवर एक स्वयंचलित अपडेट उतरलं, त्यात नेटवर्क सांभाळणारा भाग पुन्हा सुरू झाला आणि जाता जाता त्याने आधी आखलेले मार्ग पुसून टाकले. "आता यांचे सर्व्हर पडल्याचं यांना कोण कळवणार?" असं म्हणून काका जे हसतात, ते मालकाला त्या घटकेला मुळीच आवडत नाही.

आणखी एक व्याधी आहे, आणि विद्यानगरात ती जुन्या विंडोजमुळे बरीच पसरली होती. मार्च २०१८ च्या अपडेटनंतर विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ वर काही ठिकाणी जुनं नेटवर्क कार्ड नाहीसं होऊन त्याच्या जागी कोरं नवं कार्ड दिसायला लागलं. कार्ड तेच, पण यंत्राच्या लेखी नवं. त्याला जुना पत्ता द्यायला जावं तर यंत्र म्हणणार, हा पत्ता दुसऱ्या कार्डाच्या नावावर आहे. दुसरं कार्ड कुठंय? दिसत नाही. परभणीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही : सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव आहे, नातू बांधावर उभा, आणि तलाठी म्हणतो, आजोबांना घेऊन या. काका लपलेली उपकरणं दाखवायला लावतात, त्यात अंधुक झालेलं ते जुनं कार्ड सापडतं, त्याची नोंद काढतात आणि फेरफार मंजूर करून टाकतात.

लिनक्सवाल्यांची तऱ्हा वेगळी. तिथे कार्डाला पूर्वी साधं ईटीएच-शून्य म्हणायचे. २०१३ मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या कारभाऱ्याने जागेनुसार नावं द्यायची पद्धत आणली, नाव कायम टिकावं म्हणून. मोठं अपडेट झालं की टिकाऊ नाव बदलतं, फाइलमध्ये जुनंच राहतं, आणि सर्व्हर अनोळखी कार्ड घेऊन बसून राहतो. यावर काका एकच शब्द उच्चारतात आणि तो छापता येण्यासारखा नाही.

असला खेळ ऐकून मालकांना एक बाळबोध उपाय सुचतो. "काका, अपडेटच बंद करून टाका ना." इथे मात्र काका चिडतात. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक भोक बुजवणारं अपडेट दिलं होतं. ज्यांनी ते घातलं नाही त्यांच्या असंख्य यंत्रांत मे महिन्यात वॉनाक्राय शिरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. शेजारच्या आंध्रात पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. "घातलं तर तुम्ही मला शिव्या देणार, नाही घातलं तर चोर तुम्हाला बिल देणार. माझ्या शिव्या स्वस्त पडतात," असा त्यांचा हिशेब असतो. मला तो पटतो, पण मी मालक नाही.

म्हणून त्यांनी पंचांग धरलंय. मायक्रोसॉफ्टची अपडेट्स २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. काकू चतुर्थी बघायला कालनिर्णय उलटतात, काका दुसरा मंगळवार बघायला. त्या आधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन कार्डाचं नाव, पत्ता, राउटरचा नंबर, सगळं एका जाड वहीत शाईने उतरवतात. संगणकात का नाही लिहीत, असं विचारलं तर म्हणतात, "वहीला अपडेट येत नाही."

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, हैदराबाद विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या शुक्रवारी काकांचा फोन एकदाही वाजला नाही. इतकं महाग संरक्षण विद्यानगरात कुणी घेतलंच नव्हतं. काकांना दिवसभर करमेना. संध्याकाळी त्यांनीच दोन-तीन गिऱ्हाइकांना फोन करून "सगळं बरं चाललंय ना?" विचारलं. पुढच्या शुक्रवारी, जुलैच्या शेवटच्या, जगात सिस्टम अॅडमिनिस्ट्रेटरांचा कौतुकदिन होता. २००० सालापासून असतो. विद्यानगरात तो कुणाला ठाऊक नाही आणि काका स्वतः सांगणार नाहीत.

मजुरीचं तर विचारूच नका. दीड तास शोधून शेवटी एक टिक काढली की मालक म्हणतो, "एवढंच होतं होय?" आणि हात खिशाकडे जाता जाता थांबतो. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच कबूल केलं की विंडोज सर्व्हर २०२५ वरचे डोमेन कंट्रोलर पुन्हा सुरू झाल्यावर फायरवॉलची चुकीची प्रोफाइल धरतात. तात्पुरता उपाय, नेटवर्क कार्ड बंद करून चालू करा. तो मजकूर काकांनी छापून पाकिटात ठेवलाय. "एवढंच होतं" म्हणणाऱ्याला दाखवायला.

काकांच्या हातात असलेलं कुठलंही अपडेट गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आठवडाभर त्यांच्या घरच्या यंत्रावर राहतं. काय मोडायचं ते तिथे मोडू दे, असा नियम. त्यामुळे महिन्यातला एक आठवडा काकांच्या घरी नेट नसतं. काकू तेवढे दिवस मोबाइल घेऊन समोरच्या रेड्डीकाकूंच्या ओसरीवर बसतात आणि परभणीच्या बहिणीला सांगतात, "या रेड्डींकडे कधी बंद पडत नाही बाई. यांच्या घरात कुणाला त्यातलं काही कळत नाही ना."