कॅम बघायचा कार्यक्रम

उसाचा हंगाम लागला की कोडोलीत रस्त्याकडेच्या ओट्यावर बसून बोलायची सोय राहत नाही. वारणानगरच्या कारखान्याकडं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघालेले असतात, त्यांवरच्या स्पीकरला कसला धरबंद नसतो, आणि एवढ्या गदारोळात आमचे मामा एक बोट वर करतात. बोट वर म्हणजे सगळ्यांनी गप्प. ट्रॅक्टर वळणाआड गेला की बोट खाली येतं आणि निकाल लागतो. "तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट ढिलं हाय." नाहीतर, "टर्बो दमलाय ह्याचा." खरं-खोटं तपासायला ट्रॅक्टर जागेवर नसतो, हा भाग वेगळा.

कुणाच्या घरी होमिओपॅथीवाला काका असतो, कुणाच्या घरी पंचांगवाला. आमच्या वाट्याला इंजिनवाले मामा आले. शाळा बेताची, पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथांच्या आवाजात तरणी वर्षं गेली. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात सगळी दुनिया सोनं लुटत असते, तेव्हा हे छत्रपतींच्या मेबॅक गाडीजवळ कान लावायला गर्दीत घुसतात. येताना हातात आपट्याचं एक पान नसतं. "आवाज ऐकलास? गुळाच्या ढेपेत सुरी गेल्यागत."

वैरणीच्या खोलीत त्यांच्या जुन्या जिप्सीचं इंजिन लाकडी घोडीवर बसवलेलं आहे. 1298 सीसी, सोळा वाल्व. वर मामीचं जुनं लुगडं. शेजारी खोक्यात एका ठोकलेल्या डिझेल गाडीतून काढलेला टर्बो. हवा दाबून आत भरणारा हा टर्बो इंजिनाला जोडायचा आणि पन्हाळ्याचा घाट टॉप गिअरमध्ये चढायचा, असा बेत. अडलंय फक्त एका गोष्टीवर. वाल्वची उघडमीट करणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, कुठला घालायचा? या प्रश्नाला यंदा नऊ वर्षं झाली.

आतापर्यंत पाच कॅम येऊन गेले. प्रत्येक वेळी तोच सोहळा. मामीच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या ताटावर कंपासपेटीतल्या कोनमापकानं तीनशे साठ खुणा पाडल्यात. ते ताट क्रँकच्या टोकाला बसतं. वाल्ववर डायल गेज. मामा पान्यानं क्रँक केसाकेसानं फिरवणार, मामी टॉर्च धरणार, मी वही. गेजचा काटा पन्नास थाऊवर आला की मामा श्वास रोखून ताटावरची खूण वाचतात. "लिही. उघडला." मग पुन्हा फिरवाफिरवी. "लिही. मिटला." क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक, म्हणजे एका वाल्वला चहा, दुसऱ्याला जेवण चुकतं. शेवटी वहीत बघून मामा मान हलवतात. "ओव्हरलॅप जास्त हाय." कॅम परत.

"मला बघायला आले तेव्हा चहा निवायच्या आत होकार दिला होता," मामी म्हणते. "आन् ह्या लोखंडाच्या दांड्याला नऊ वर्षं!"

ओव्हरलॅप म्हणजे काय हे मी एकदाच विचारलं. त्या दिवशी माझी शेवटची एसटी चुकली.

"आरं भाच्या, कारखान्याचं आवार डोळ्यापुढं आण. एक आत यायचं गेट, एक भाईर जायचं. रिकाम्या गाड्या भाईर पडत असतानाच भरल्या गाड्यांचं गेट उघडायचं. थोडा येळ दोन्ही गेटं उघडी. त्यो ओव्हरलॅप. साध्या इंजिनात त्येचा फायदाच. जाणारी गाडी येणारीला वढून घेती. पर टर्बो बसवलास म्हंजे काय केलंस? भाईरच्या गेटाम्होरं चक्की लावलीस. धुरानंच ती फिरती, म्हंजे धूर तिथं तुंबणार. कवा कवा आतल्या हवेपरीस भाईर दाब जास्त. आता दोन्ही गेटं उघडी ठेव बघू. रिकाम्या गाड्या परत आत!"

"आणि सुपरचार्जर असेल तर?"

मामांचे डोळे लकाकले. सुपरचार्जर कोडोलीत कुणाकडंच नाही, पण म्हणून काय झालं! "त्यो क्रँकवरच्या पट्ट्यानं फिरतोय. भाईर तुंबायचं कारणच न्हाई. पर आतनं असा रेटा देतोय की भरली गाडी ऊस न उतरवता सरळ दुसऱ्या गेटानं भाईर. पेट्रोल धुराड्यात! म्हून दोन्हीकडं गेटं लांब ठेवायची. लोब सेपरेशन, म्हंजे कॅमवरच्या दोन उंचवट्यांतलं अंतर, साध्या इंजिनात एकशे आठ अंश असंल, तर हितं एकशे चौदा-पंधरा. फकस्त सुपरचार्जरला भाईरचं गेट जरा जास्त येळ उघडं ठेवलं तर चालतं, टर्बोला त्यो लाड न्हाई."

हे बोलताना त्यांच्या दोन्ही हातांची गेटं होतात. लग्नाच्या पंगतीत एकदा जिलबीवाला त्या गेटांत सापडला होता.

जिप्सीची आणखी एक खोड आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीचे लोब एकाच दांड्यावर. दोन कॅमच्या इंजिनात पुली फिरवून दोघांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. इथं ग्राइंडिंग झालं की झालं. "लगीन लागलेलं हाय, आता फारकत न्हाई," मामा सांगतात. म्हणून तर बघून-सवरून घ्यायचं. आणि कॅम ठरला की विषय संपला असंही नाही, स्प्रिंगांचा निघतो. टर्बोची हवा इनलेट वाल्वच्या पाठीवर बसते, स्प्रिंग मऊ असली तर वाल्व जागेवर धड बसत नाही. फार कडक घातली तर कॅम झिजतो. स्प्रिंगांची वही वेगळी आहे.

या सगळ्यात लोकांची कामं मात्र अडत नाहीत. कुणाचं हेड पॅकिंग उडू दे, कुणाची मोटर पाणी उचलेना होऊ दे, मामा जेवणावरून उठून जातात. पैसे विचारले तर "असू दे की."

गेल्या महिन्यात इंजिनिअरिंग कॉलेजचा एक पोरगा आला. त्याला मारुतीच्या इंजिनावर छोटा टर्बो बसवायचा होता. मोबाईलवर रेसिंगच्या कॅमचे फोटो, किंमत ऐकून मामीनं चूल बारीक केली. मला वाटलं, आता रात्र इथंच. मामांनी फोटो पाहिले, पोराला पाणी दिलं, आणि दोन मिनिटांत सांगितलं, "काय बदलू नगोस. कंपनीचाच ठेव. त्येचा ओव्हरलॅप मुळातच कमी आसतोय, थोड्या बूस्टला त्येच्यासारखा दुसरा न्हाई. कॅमचं पैसं इंटरकूलरला घाल."

पोरगा खूश होऊन गेला. मी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "मामा, मग आपल्या जिप्सीला कंपनीचाच कॅम...?"

एकादशीला मटण वाढल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. कंपनीचा कॅम वैरणीच्या खोलीत फळीवर होता, तेल लावून, कागदात गुंडाळून, वर पहिल्या वर्षाची तारीख. मामी दारात उभी राहून पदराआड हसत होती.

"आपली गोष्ट येगळी हाय," मामा म्हणाले. लुगडं बाजूला सारलं, ताट क्रँकला बसवलं. "उद्यमनगरात एकाकडं सहावा कॅम आलाय म्हनं. त्याच्या आदी ह्यो कंपनीचा एकदा परत मोजून ठेवू. टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. बाहेरून ट्रॅक्टर गेला, आणि पान्यावरचा हात तसाच ठेवून मामांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.