जुनं ते सोनं, पण जरा उंच उचला

कुस्ती नुरा आहे, हे डब्ल्यूडब्ल्यूईच्या चाहत्याला पक्कं ठाऊक असतं. निकाल आधी ठरलेला, भांडण कुणीतरी लिहून दिलेलं, हेही त्याला मान्य. पैलवानांचे गुडघे तेवढे खरे असतात, हे काही त्याच्या पचनी पडत नाही.

7 जून 2019, जेद्दा. अंडरटेकर वय 54, गोल्डबर्ग वय 52. दोघे पहिल्यांदाच समोरासमोर. या जोडीसाठी चाहते वर्षानुवर्षं देव पाण्यात घालून बसले होते. सौदीचा पैसा आला आणि देव एकदाचे पावले, फक्त वीसेक वर्षं उशिरा.

गोल्डबर्ग धावत आला, अंडरटेकर बाजूला झाला आणि गोल्डबर्गचं टक्कल थेट कोपऱ्यातल्या खांबावर आदळलं. रक्त खरं होतं, भोवळही खरी. त्या भोवळीतच पठ्ठ्याने कागदोपत्री 140 किलोंच्या अंडरटेकरला जॅकहॅमर या डावासाठी उलटं उचललं. अर्ध्या वाटेतच हात सुटले आणि समोरचा जवळजवळ मानेवर आला. मग टूमस्टोन नावाचा डाव उलटवण्याच्या नादात दोघेही कोसळले. शेवटी अंडरटेकरने गळा धरून उचलून आपटायचा चोकस्लॅम मारला. एसटीच्या फळीवर बॅगसुद्धा याहून उंच जाते. दहा मिनिटांच्या आत खेळ खलास.

रात्र जागून काढलेल्या सोफ्यावरच्या पंचांनी लगेच निवाडा दिला, ‘लाज आणली राव. आता घरी बसा म्हणावं!’ हे पंच स्वतः नुकतेच गॅसचा सिलिंडर सरकवताना कमरेत उसण भरून घरी बसले होते. पण ती गोष्ट वेगळी. आठवीत रबरबँड लावून दप्तरात ठेवलेल्या ट्रंप कार्डांवर अंडरटेकरचं वजन आहे, उंची आहे. वय वाढायची सोय नाही. ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारशी लढलेला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली नावाचा भलताच पैलवान होता. त्याला खरा मानायला आम्हाला काडीची अडचण आली नाही. जेद्दात अस्सल माणूस उतरला, तर म्हणे हा तो नव्हेच!

त्याआधी 2018च्या नोव्हेंबरात रियाधमध्ये चार दिग्गज भिडले होते, त्यात हाच अंडरटेकर. वयांची बेरीज 206. शॉन मायकल्स आठ वर्षांची निवृत्ती मोडून आला होता. ट्रिपल एचच्या छातीचा स्नायू फाटला. केनचा मुखवटा केसांच्या टोपासकट निघाला आणि खालून टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचे तेव्हा पदावर असलेले महापौर प्रकटले. आपल्याकडे नगराध्यक्ष असे सापडले असते तर अविश्वास ठराव आला असता. गंमत म्हणजे, महिनाभरापूर्वीच मेलबर्नमध्ये ट्रिपल एच आणि अंडरटेकर यांची ‘अखेरची’ लढत झाली होती. ती बघून ‘एकदा शेवटचं होऊ द्या’ म्हणणारे आणि रियाधनंतर ‘कशाला आणता यांना?’ म्हणणारे लोक तेच. मधल्या काळात त्यांनी फक्त चहा घेतला होता.

फेब्रुवारी 2020मध्ये गोल्डबर्ग पुन्हा रियाधला. आता वय 53. समोर त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, फीन्ड नावाचा पैलवान. या खेपेला डोकं शाबूत राहिलं, जॅकहॅमर जेमतेम का होईना पण बसला आणि सुमारे तीन मिनिटांत म्हाताऱ्याने युनिव्हर्सल पट्टा कमरेला बांधला. सोफ्यावर संतापाची लाट उसळली.

‘अरे, हा जिंकतोच कसा? पोरांच्या पोटावर पाय!’