तरण तलावाच्या स्वयंघोषित यजमानांस

मा. यजमान महाशय,


गंगापूर धरणाच्या काठच्या त्या रिसॉर्टमध्ये मे महिन्यातल्या शनिवारी आपण दोघांसाठी एक खोली घेतलीत आणि दुपारी नाशकातून गाड्या भरभरून गोतावळा पोहायला बोलावलात. आम्हीही तिथेच सहकुटुंब उतरलो होतो. समक्ष ओळख करून घेणं राहून गेलं. त्या गर्दीत यजमान कोण आणि पाहुणे कोण, हेच उमगेना. म्हणून हे पत्र.

सर्वप्रथम आपल्या औदार्याला वंदन. दुसऱ्याच्या पैशाने पाहुणचार करायला मोठं मन लागतं. आपल्या मंडळींनी आमच्या आरामखुर्च्यांवरचे टॉवेल ज्या आपलेपणाने उचलले, तो आपलेपणा सख्ख्या भावंडांतही हल्ली दिसत नाही.

गेटवरच्या वॉचमनला आपण सांगितलंत, ‘लग्नाची बोलणी आहेत, चहा घेऊन निघतील.’ बोलणी करायला आलेले वऱ्हाडी ट्यूब आणि फुगवलेली बदकं घेऊन येतात, हे ज्ञान आपल्यामुळे मिळालं. आभारी आहे.

‘तलाव फक्त निवासी पाहुण्यांसाठी’ ही पाटी तर आपण अगदी कामी आणलीत. तिच्यावर जीन्स वाळत होत्या. शेजारची ‘पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर घ्या, नायलॉनचा पोशाख घाला’ ही पाटी कुणाच्या नजरेस पडली नाही. बनियन आणि सुती टी-शर्टांनी सगळा तलाव भरून गेला. त्या सुताचे तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसतात. चिवड्याचे दाणेही त्यांच्या सोबतीला गेले.

आपल्या एका मेहुण्यांनी डोळे चोळत तक्रार केली, ‘किती क्लोरिन ओततात हे लोक!’ त्यांना माझा निरोप द्यावा. डोळे झोंबतात आणि तो उग्र वास येतो, तो बहुतेक वेळा क्लोरिन जास्त झाल्यामुळे नाही. पाण्यातला घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, ती डोळ्यांना झोंबतात. जंतू मारायला लागणारं क्लोरिन त्यातच खर्ची पडतं. तलावात साधारण किती माणसं उतरणार, हे धरून औषधाची मात्रा आणि फिल्टरचे तास ठरवलेले असतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी तर नेहमीच्या क्लोरिनलाही आठवडाभर दाद देत नाही. एखाद्या आजारी मुलाकडून तो पाण्यात उतरला, की पुढे कुणाच्या पोटात जाईल सांगता येत नाही. तेव्हा निवासी पाहुण्यांचा हा नियम आम्हा पैसे भरणाऱ्यांच्या मिजाशीसाठी केलेला नाही, महाशय. पाण्यात किती डोकी आहेत, हे कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून तो आहे.

ज्याला ते ठाऊक असायला हवं, त्याच्याशी आपण कसे वागलात, ते मी जवळून पाहिलं. तो म्हणजे तलावाचा जीवरक्षक, गिरणारेच्या बाजूचा पोरगा, विशीतला. तो आपल्याकडे आला आणि हात जोडून म्हणाला, ‘साहेब, बाहेरच्यांना परवानगी नाही.’ आपण त्याला वर ते खाली न्याहाळलंत आणि मालकांशी आपली किती घसट आहे ते ऐकवलंत. वर हेही विचारलंत, ‘नोकरी हवी आहे ना?’ तो गप्प राहिला. घरी पगार न्यायचा असतो त्याला.

थोड्या वेळाने आपल्याच गोतावळ्यातली एक चिमुरडी उतार संपतो तिथे सरकत गेली. तिचे आईवडील भजी मागवत होते. ओरडा नाही, हात हलवणं नाही. बुडणारं मूल बहुधा हाक मारतच नाही, त्याला श्वासच पुरत नाही. त्या पोराने शिट्टी फुंकली, उडी घेतली आणि तिला उथळ पाण्यात आणून उभं केलं. आपण त्याचे आभार कसे मानलेत? ‘एवढ्या जोरात शिट्टी कशाला वाजवतो, पोरं घाबरतात.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालची मुलं होती. ती मुलगीही त्याच वयाची वाटत होती. आपल्याला तिचं वय नक्की ठाऊक असेल. त्या पोराला मात्र ती तलावात आहे हेसुद्धा कुणी सांगितलेलं नव्हतं.

नाशकाच्या मे महिन्यात मुलांना पाण्यात डुंबावंसं वाटतं, यात काही वावगं नाही. पण त्र्यंबक रोडला महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव आहे, आणि धरणाच्या बाजूची बरीच रिसॉर्टं दिवसभराचा पास देतात. रिसेप्शनवर जाऊन माणसं मोजून पैसे भरले असतेत, तर आणखी एक जीवरक्षक बोलावता आला असता. तेवढं करायला आपल्या प्रतिष्ठेची हरकत नव्हती, खिशाची होती.

रविवारी सकाळी पाणी गढूळ झालेलं होतं आणि तलाव बंद. माझी मुलं कठड्यावर बसून फिल्टर धुण्याचा बॅकवॉश बघत होती. ज्या धरणाचं पाणी आपलं शहर पितं, त्याच्या काठावर, भर उन्हाळ्यात, हजारो लिटर पाणी गटारात जात होतं. आपण तोवर चेकआउट करून गेला होतात.

मॅनेजर त्याच पोराला झापत होता, ‘बाहेरचे आत आलेच कसे?’ त्याने आपलं नाव घेतलं नाही. त्याच्या पगारातून दंड कापणार आहेत, असं मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला. मी माझं म्हणणं रिसेप्शनवर लिहून दिलं आहे, पण आपल्या शब्दाला तिथे वजन आहे, हे आपणच त्या पोराला सांगितलं होतंत. तर कृपा करून मॅनेजरला एक फोन करा आणि एवढंच सांगा, ‘त्याने अडवलं होतं, मी ऐकलं नाही. दंड माझ्याकडून घ्या.’ आणि त्या मुलीच्या आईवडिलांना त्या पोराला भेटायला पाठवा.

कळावे,
आपल्या शेजारच्या खोलीतला