बारमाही टायर

न्यू जर्सीतल्या आमच्या मित्राची इलेक्ट्रिक गाडी तीन-साडेतीन सेकंदांत ताशी ६० मैल गाठते. ओक ट्री रोडवरून कोथिंबीर आणायला एवढी घाई लागतेच. मूळचे उन्हाळी टायर मात्र गुळगुळीत झाले. बॅटरीचं वजन आणि सिग्नलवरचा पुरुषार्थ, दोन्ही सोसायचं रबरानंच. शिवाय ७ अंश सेल्सिअसखाली ते रबर कडक होतं. म्हणून बारमाही टायरचा शोध सुरू झाला. घट्ट पकडीचा घ्यावा तर रेंज घटते, रेंजवाला घ्यावा तर वळणावर जीव घाबरतो. आतून फोम लावलेला आवाज कमी करतो, पण पंक्चरवाला तोंड वाकडं करतो. वर बर्फात चालेल असं सांगणारं डोंगर-हिमकणाचं चिन्हही हवं! पत्रिकेत निदान अठरा गुणांवर भागतं. टायरच्या तुलनेचे तक्ते जुळेपर्यंत बर्फ पडला. गाडी गॅरेजात आहे. कोथिंबीर वहिनी जुन्या टोयोटातून आणतात.