साडेसहा हजार केल्विनचे गृहस्थ

हैदराबादेत मराठी माणूस दोन ठिकाणी सापडतो. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागात पिढ्यान्‌पिढ्या, आणि कोंडापूर-माधापुरात नोकरी असेपर्यंत. आपले गृहस्थ दोन्हीकडचे. आईवडील बरकतपुऱ्यात, फ्लॅट आणि हप्ते कोंडापुरात, आणि जीव दिवाणखान्यातल्या दोन फुटी काचेच्या टाकीत. टाकीत मासेही आहेत; पण यांच्या लेखी ते पोटभाडेकरू. खरा मान वनस्पतींचा, आणि त्याहून जास्त वरच्या दिव्याचा.

"छान उजेड पडलाय हो," असं पाहुणा भाबडेपणाने बोलून जातो आणि त्याचा चहा निवतो. "उजेड तुम्हाला. झाडाला काय?" इथून सुरुवात. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, आणि डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला भुलणारा. झाड 400 ते 700 नॅनोमीटरमधला सगळा प्रकाश मोजून घेतं. त्याचं माप 'पार'. अनुबियास, जावा फर्न वीस-तीस पारवर निमूट संसार करतात. लाल रोटालाचे नखरे पन्नासच्या पुढे. केल्विन म्हणजे नुसती रंगाची छटा, 6500 म्हणजे भर दुपारचा पांढरा प्रकाश. झाड त्यावर फारसं अडून बसत नाही. हे सगळं खरं आहे, हीच पंचाईत. खोटं असतं तर पाहुण्याला मध्येच उठता आलं असतं.

रोटाला माक्रांड्रा मूळची आपल्याच पश्चिम घाटातली, हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो. नळाला मांजरेचं पाणी आलं की आणखी भरून येतं, कारण नदी बीड जिल्ह्यात उगम पावते. एवढं स्वदेशी जमून आल्यावर दिवा मात्र परदेशी घ्यावा, हे त्यांना पटत होतं, परवडत नव्हतं. म्हणून शनिवारी दुपारी ट्रूप बाजार.

"साडेछे हजार केल्विन है ना?"

"हौ साब, एकदम ठंडी सफेद."

"स्पेक्ट्रम कैसा है?"

"दो साल की वारंटी है साब. स्पेक्ट्रम-बिक्ट्रम नक्को पूछो."

तर असा तो पन्नास वॅटचा फ्लडलाइट घरी आला. मंगल कार्यालयाच्या फाटकावर लावायची वस्तू टाकीवर टांगली गेली, आणि समोरच्या इमारतीतल्या बाईंनी फोन करून विचारलं, "तुमच्याकडे काही कार्य आहे का?" त्याच रात्री मोजमाप झालं. पार मोजायचं यंत्र महाग, म्हणून मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप. तो मोबाइल इडलीच्या पिठाच्या रिकाम्या पिशवीत घालून, रबर बांधून, झाऱ्याने तळाशी दाबून धरलेला. त्याच क्षणी तो वाजला. बरकतपुऱ्याहून आईचा फोन.

"अहो, उचला की!"

"थांब, आकडा स्थिर होऊ दे."

पहिला आठवडा सोन्याचा गेला. दुपार कलली की पानापानांवर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटायचे, एकेक सुटून वर जायचा. ते दृश्य खरोखर देखणं असतं. त्यासाठी माणूस वेडा झाला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण प्रकाश वाढवला की झाडाची भूक वाढते, कार्बन डायऑक्साइड आणि खत त्याच वेगाने लागतं. ते कमी पडलं की झाड थबकतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पंगत मांडतं. तिसऱ्या आठवड्यात दिवाणखान्यात हुसेनसागर अवतरला, वासासकट.

उपाय फुकटातला होता: दिवा वर उचलायचा, टायमर लावून सहा तासांवर आणायचा. नव्या टाकीला तेवढे पुरतात. टायमर लावला, तीन ते नऊ. दिवा वर उचलणं मात्र त्यांना माघार वाटली. त्यांनी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आणलं. तकाशी अमानो (1954–2015) या जपानी छायाचित्रकाराने जगाला अशा टाक्यांचं वेड लावलं. त्याच्या टाक्यांचे फोटो आता देवघराशेजारी आहेत. टाकी उठून दिसावी म्हणून संध्याकाळी घरातल्या ट्यूब बंद असतात. मुलगा टाकीला टेकून गणितं सोडवतो. नऊला अंधार, त्यामुळे जेवणं साडेआठला. बायकोला हा एकच फायदा दिसतो.

जूनमध्ये मृग लागला की दम्यावरच्या बत्तिनी कुटुंबाच्या मत्स्यप्रसादासाठी माणसं लांबून नामपल्लीला येतात, औषध भरलेली मरळीची जिवंत पिल्लं गिळतात. यंदा नांदेडचे काकाही आले. आदल्या संध्याकाळी अंधाऱ्या दिवाणखान्यात टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ ते आत बघत बसले. मग धीर करून म्हणाले, "बाळा, यातला कोणता गिळायचा?"

गृहस्थ कॅमेरा डोळ्याला लावून बसले होते.

"काका, जरा डावीकडे सरका. काचेत तुमचा सदरा दिसतोय."