फाटे मोजा, खड्डे सोडा

थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली कोडची गुंतागुंत मोजायचं सूत्र दिलं: फाटे मोजा, एक मिळवा, दहापर्यंत चालेल. या हिशेबाने एटापल्लीहून सूरजागडला जाणारा रस्ता म्हणजे अगदीच सोपं प्रकरण. फाटे मोजकेच. लोहखनिजाच्या ट्रकांनी पाडलेले खड्डे सूत्रात बसत नाहीत. ते एसटीच्या ड्रायव्हरच्या कमरेला विचारा.

असाच सूत्रात न बसणारा खड्डा कोडमध्येही पडतो. ॲपलच्या सुरक्षा कोडमध्ये 'गोटू फेल' (म्हणजे थेट 'फेल'कडे उडी मारा) ही ओळ लागोपाठ दोनदा पडल्याचं २०१४ मध्ये उघडकीस आलं. त्यापायी सर्व्हरची सही तपासायची पायरीच गाळली जात होती. पण फाटा एकही वाढला नव्हता, म्हणजे गुंतागुंत जैसे थे! आणि ती आगंतुक ओळ पहिलीच्या बरोब्बर खाली, समास सांभाळून उभी. वाचायलाही सुबक हो!