वहिनी, रद्दी देऊ नका हं!

अहो वहिनी, त्या रद्दीवाल्याला हाक मारू नका. आमच्या भाचीला हवीय तुमची रद्दी. विकायला नाही हो, पाला दाबायला.

हसताय काय? मीही हसले होते. मागच्या कॉलेजात बॉटनीला आहे ना ती, दुसऱ्या वर्षाला. राहायला आली तेव्हा वाटलं, आता घरात नेलपॉलिशच्या बाटल्या वाढणार. कसलं काय! कॉटखाली दोन फळ्या, फळ्यांमध्ये पेपर, पेपरांमध्ये फांद्या, आणि त्यावर माझा पाटा. वजन हवं म्हणे. आठ दिवस चटणी मिक्सरवर करतेय मी. सकाळी उठली की चहाच्या आधी ओले पेपर काढायचे, कोरडे घालायचे. एक दिवस चुकला तर पानं काळी पडतात. सुकली की जाड कागदावर दोऱ्यानं टाचायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची. कुठं मिळालं, कधी मिळालं, कुणी तोडलं, सगळं त्यात. पत्रिकेत कुळगोत्र लिहितात ना, तस्संच.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. इकडे या, कोयनेलच्या पलीकडून ओरडून सांगण्यासारखी नाही.

तो वास आठवतो ना, पंधरा दिवसांपूर्वीचा? संध्याकाळी खिडकी उघडायची सोय नव्हती. यांनी तीन अर्ज केले, शेवटी माणूस आला, ड्रेनेजची तीन चेंबरं उघडून बघितली, आत सगळं स्वच्छ! मग तुम्हीच म्हणालात, खालच्या बिऱ्हाडात बोंबील आणत असतील. बरं, तुम्ही नाही, मी म्हणाले. जिन्यात म्हणाले, आणि जरा मोठ्यानंच म्हणाले.

तर रविवारी भाचीचा सगळा कंपू आला, आठ-दहा पोरं. कॉलेजच्या आवारातली झाडं मोजून झाली, आता भिंतीला लागून आपली गल्ली. त्यातल्या एका मुलानं गेटपाशी वाकून मूठभर फुलं उचलली. मातकट लाल, बोटाच्या पेराएवढी. ‘मावशी, हुंगा,’ म्हणाला. हुंगली तर तोच वास! अहो, तो आपला वॉचमनच्या खुर्चीमागचा थोराड वृक्ष, तोच. जंगली बदाम. माश्यांना बोलवायला असा घाण वास सोडतो म्हणे. शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया फेटिडा. फेटिडा म्हणजे दुर्गंधी, आणि स्टर्क्युलिअस हा रोमन लोकांचा शेणखताचा देव. म्हणजे बिचाऱ्याच्या बारशालाच सगळं सांगून ठेवलेलं, आणि आपण उघडतोय चेंबरं.

काल खाली वाटीभर शेवयांची खीर देऊन आले. कारण नाही सांगितलं. त्यांनीही नाही विचारलं, पण वाटी परत आली ती भरून. सोडे होते.

तुमच्याकडचंही एक प्रकरण आहे हं, रागावू नका. तुमच्या सासऱ्यांनी लावलेले ते सरळसोट अशोक, ते अशोक नव्हेतच! हिरवा अशोक, नाहीतर सरळ खोटा अशोक म्हणतात त्याला. कूळ सीताफळाचं. खरा तो सीतेचा अशोक, तो शेंगांच्या कुळातला. कॉलेजात लायब्ररीच्या मागे आहे एक, आत्ता फुललाय. केशरी झुबके थेट जुन्या फांद्यांना फुटतात, आणि कोवळी पानं अशी मलूल, तांबूस लोंबतात की वाटावं, कुणी धुऊन वाळत घातलीत. मी जाऊन बघून आले. पस्तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतेय, कॉलेजच्या आत पाऊल टाकलं ते आत्ता.

आत एकेक नमुने आहेत. गोरखचिंच बघा एकदा, आफ्रिकेतली. कवेत घ्यायला सहा पोरं लागली. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं येतात म्हणे त्यांच्यावर. आणि कैलासपती! फुलं फांद्यांना नाहीत, खोडालाच. आत शिवलिंगासारखं आणि वर नागाची फणी. मी हात जोडले. भाची म्हणते, मामी, हे दक्षिण अमेरिकेतलं झाड. मग म्हणे देवचाफा मेक्सिकोकडचा, गुलमोहर मादागास्करचा, आणि आपली चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची. म्हटलं, आमटीत घालतेय ती तरी राहू दे गं माझी.

पोरं मात्र त्यात भेदभाव करत नाहीत. आलेला कुठून का असेना, त्याला कोण पक्षी येतो, शेंग कधी तडकते, पान कधी गळतं, सगळं वहीत. त्यांच्या मॅडम परवा सांगत होत्या, हा उद्योग पुण्याला जुना. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजला पूर्वी कॉलेज ऑफ सायन्स म्हणायचे, तिथे थिओडोर कुक नावाचा साहेब प्रिन्सिपल होता. माणूस इंजिनिअर, पण मुंबई इलाख्यातल्या साऱ्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला त्यानं, १९०१ ते १९०८ मध्ये छापून आला. पोरं अजून तोच उघडून बसतात. आमच्या घरात इंजिनिअर आहेत, त्यांना कोथिंबीर आणि मेथी वेगळी ओळखता येत नाही.

बरं, आता खरी खबर. वास झाडाचा आहे कळल्यावर चेअरमन काय म्हणाले ठाऊक आहे? ‘तोडूनच टाकू.’ सह्यांचा कागदसुद्धा फिरला. त्यावर ही एवढीशी पोरगी उभी राहिली मीटिंगमध्ये. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप लावून घेर मोजलेला, तो आकडा वाचून दाखवला. म्हणाली, १९७५ चा कायदा आहे काका, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झालीय, पन्नास वर्षांवरचं झाड म्हणजे वारसा वृक्ष. चेअरमन म्हणाले, पन्नास वर्षांचं आहे कशावरून? तेव्हा कधी न बोलणारे तुमचे सासरे उठले आणि म्हणाले, ‘मी प्लॉट बघायला आलो होतो १९७१ साली, तेव्हा याच्याच सावलीला सायकल लावली होती.’

कागद तिथंच घडी घालून खिशात गेला. फुलंही ओसरलीच आहेत आता, आठवडाभर उदबत्ती लावू.

तर रद्दी. आजच द्या, पोरं संध्याकाळी येणार आहेत. त्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या तेवढ्या वेगळ्या काढा, त्या पाणी शोषत नाहीत.